मापाडी कोणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढते तेव्हा त्याची नजर काट्याकडे असते आणि त्याहून अधिक मापाड्याकडे असते. मापाडी व्यापाऱ्याचा भागीदार आहे असे कळले, तर काटा अगदी बिनचूक असला तरी शेतकऱ्याचे समाधान होणार नाही. मापाडी चोर आहे असे त्याचे म्हणणे नसते. वजन करणाऱ्याला वजनातून फायदा होता कामा नये, एवढेच तो म्हणतो. आपल्या खेड्यापाड्यांत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांना ती समजायला तीसेक वर्षे लागली, आणि मला विचाराल तर ती अजून पुरती समजलेली नाही. आज मी बोलणार आहे ते या तीस वर्षांबद्दल. सरकारी पैशावर चालणारे संशोधन आणि संशोधकाच्या खिशातले खाजगी कंपनीचे समभाग यांची सांगड तिथे कशी पडली, आणि ती सोडवण्याचे कोणते प्रयत्न झाले, त्याची ही हकीकत.

सुरुवात एका मुलापासून करतो. त्याचे नाव जेसी गेल्सिंगर. ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन गावचा. जन्मापासून त्याच्या यकृतात एक विकर, म्हणजे एन्झाइम, नीट तयार होत नव्हते. प्रथिने पचताना शरीरात अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करून तो बाहेर टाकते. जेसीच्या यकृताला ते काम पुरते जमत नसे. या विकाराचे तीव्र रूप घेऊन जन्मलेली बाळे बहुधा पहिल्या काही दिवसांतच बेशुद्ध होतात आणि त्यांतली कितीतरी दगावतात. जेसीचा विकार सौम्य होता. कडक पथ्य आणि रोजच्या ढीगभर गोळ्या यांवर त्याचे बरे चालले होते.

१९९९ च्या जूनमध्ये त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या विकारावर जनुकोपचाराचा प्रयोग चालू होता आणि त्याला अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, अनुदान होते. सज्ञान होताच जेसीने आपण होऊन नाव दिले. या प्रयोगातून त्याचा रोग बरा होणार नव्हता. माणसाला या उपचाराची किती मात्रा सोसते, एवढेच पाहायचे होते. पुढे जन्माला येणाऱ्या बाळांच्या उपयोगी पडावे, ही त्याची इच्छा.

१३ सप्टेंबरला, सोमवारी, त्याच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत सर्दीच्या एका विषाणूचे बदललेले रूप टोचण्यात आले. त्या विषाणूच्या पाठीवर निरोगी जनुक बसवलेले होते. दुसऱ्या दिवशी कावीळ, मग बेशुद्धी, मग एकामागून एक अवयव निकामी. शुक्रवारी, १७ सप्टेंबरला, यंत्रे बंद करण्यात आली. जनुकोपचाराच्या प्रयोगात थेट त्या उपचारामुळे झालेला हा पहिला जाहीर मृत्यू.

चौकशी झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुष्कळ गोष्टी बाहेर काढल्या. टोचण्याच्या वेळी जेसीच्या रक्तातील अमोनिया प्रयोगाच्या नियमांत बसणाऱ्या मर्यादेपेक्षा जास्त होता. आधीच्या काही रुग्णांच्या यकृतावर झालेले गंभीर परिणाम वेळेवर कळवले नव्हते. तशाच प्रकारच्या उपचाराने आधी माकडे दगावली होती, आणि हा उल्लेख सरकारी समितीपुढे ठेवलेल्या संमतिपत्राच्या मसुद्यात होता. जेसीने सही केलेल्या प्रतीत मात्र तो नव्हता.

पण त्या प्रतीत एक दुसरे वाक्य होते, आणि त्या वाक्याशी मी नेहमी अडखळतो. त्याचा आशय असा: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, संस्थेचे संचालक डॉ. जेम्स विल्सन आणि विल्सन यांचा हिस्सा असलेली जेनोव्हो ही कंपनी, या तिघांनाही हे संशोधन यशस्वी होण्यात आर्थिक हितसंबंध आहे.

म्हणजे लपवाछपवी नव्हती. मापाडी भागीदार आहे, असे पाटीवर लिहिलेले होते. मग हे वाक्य तिथे आले कसे, आणि ते लिहून काय साधले, हे समजण्यासाठी आपल्याला १९८० सालात जावे लागेल.

त्याआधी अमेरिकेत सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधाची मालकी बहुतेक वेळा सरकारकडे जाई. सरकारच्या कपाटात सुमारे २८ हजार पेटंटे साठली होती आणि त्यांपैकी शेकडा पाचसुद्धा कोणी उत्पादनासाठी घेतली नव्हती, असा आकडा त्या काळी संसदेत वारंवार मांडला गेला. इंडियाना राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर बर्च बाय आणि कॅन्ससचे रिपब्लिकन सिनेटर बॉब डोल यांनी मिळून कायदा आणला. १२ डिसेंबर १९८० रोजी, निवडणूक हरून घरी निघालेल्या जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. यापुढे सरकारी पैशातून लागलेल्या शोधाचे पेटंट विद्यापीठाला स्वतःकडे ठेवता येणार होते, ते कंपनीला वापरायला देता येणार होते, आणि येणाऱ्या स्वामित्वधनातला वाटा संशोधकाला देणे बंधनकारक झाले.

हा कायदा वाईट होता असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कपाटात पडलेले शोध त्याने बाहेर काढले, हे खरेच आहे. वातावरणही तसेच होते. स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली जनुके जोडण्याचे तंत्र शोधले. त्याचे पेटंट त्याच १९८० च्या डिसेंबरात मिळाले आणि त्यावर दोन्ही विद्यापीठांनी पुढे सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. बॉयर यांनी काढलेल्या जेनेनटेक कंपनीचे समभाग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांवर अक्षरशः उड्या पडल्या. साध्या प्राध्यापकाचा लक्षाधीश एका दिवसात होऊ शकतो, हे देशभरच्या प्रयोगशाळांनी पाहिले. हार्वर्डने तर विद्यापीठाच्याच भांडवलाने जैवतंत्रज्ञानाची कंपनी काढण्याचा विचार केला होता. प्राध्यापकवर्गात एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तो बेत सोडून द्यावा लागला.

कायद्याने पैशाचा दरवाजा उघडला. पण उंबरठ्यावर राखण कोणी करायची, ते ठरवले नाही. त्याचा परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. १९८८ साली बोस्टनमध्ये एक प्रकरण गाजले. तिथल्या एका नामांकित नेत्ररुग्णालयातला तरुण संशोधक कोरड्या डोळ्यांवर जीवनसत्त्व 'अ'च्या मलमाचा प्रयोग करत होता. ठरल्यापेक्षा जास्त रुग्णांवर तो प्रयोग झाला, मलमाचा विशेष उपयोग नसल्याचे दिसू लागले, आणि मलम बनवणाऱ्या कंपनीचे समभाग संशोधकाकडे होते, हे मागाहून उघड झाले. संसदेत आरडाओरडा झाला.

एनआयएचने १९८९ च्या सप्टेंबरात कडक नियमांचा मसुदा काढला. त्यात सरळ सांगितले होते की ज्या कंपनीच्या मालाची परीक्षा तुम्ही करता, तिचे समभाग बाळगू नका. आपल्या शेतकऱ्याला हे वाचून दाखवले असते तर त्याने मान डोलावली असती. पण विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि नव्या कंपन्या यांची साडेसातशेच्या आसपास पत्रे आली आणि बहुतेक सगळी विरोधात. नियमांमुळे नव्या औषधांचा उद्योग मरेल, हुशार माणसे विद्यापीठ सोडतील, असा त्यांचा सूर. डिसेंबर उजाडेपर्यंत आरोग्यमंत्री लुई सलिव्हन यांनी मसुदा मागे घेतला.

मला वाटते, सगळ्या इतिहासातले वळण इथे आहे. बंदी गेली आणि तिच्या जागी 'व्यवस्थापन' हा शब्द आला. १ ऑक्टोबर १९९५ पासून जे नियम लागू झाले त्यांत समभाग ठेवू नका असे कुठेच नव्हते. संशोधकाने आपल्या संशोधनाशी संबंध असलेले दहा हजार डॉलरवरचे उत्पन्न किंवा कंपनीतला पाच टक्क्यांवरचा हिस्सा विद्यापीठाला कळवायचा. त्यात टक्कर दिसली तर विद्यापीठाने ती 'हाताळायची'. हाताळायची म्हणजे काय? संबंध जाहीर करायचा, किंवा निकालाचे विश्लेषण दुसऱ्याकडून करून घ्यायचे, किंवा त्या माणसाला प्रयोगाच्या काही भागापासून दूर ठेवायचे, किंवा अगदीच वाटले तर समभाग विकायला सांगायचे. यांतले काय करायचे ते विद्यापीठाने ठरवायचे. सरकारला फक्त कळवायचे की टक्कर होती आणि आम्ही ती हाताळली. कशी हाताळली, ते सांगण्याचे बंधन नव्हते.

आता पुन्हा फिलाडेल्फियाला येऊ. विल्सन यांनी जेनोव्हो १९९२ साली स्थापन केली. विद्यापीठात जनुकोपचाराची जी संस्था ते चालवत, तिच्या खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा ही कंपनी देई आणि बदल्यात तिथल्या शोधांवर तिला पहिला हक्क मिळे. प्राध्यापकाने कंपनीत किती हिस्सा ठेवावा याची विद्यापीठाची स्वतःची मर्यादा होती. १९९५ साली तिला अपवाद करून विल्सन यांना ३० टक्क्यांपर्यंत समभाग ठेवण्याची मुभा देण्यात आली. विद्यापीठाचाही कंपनीत लहानसा हिस्सा होता. हे सगळे विद्यापीठाच्या हितसंबंध समितीपुढे आले होते. समितीने अट घातली की विल्सन यांनी रुग्णांची निवड आणि त्यांच्यावरील उपचार यांत थेट भाग घ्यायचा नाही. विल्सन यांनी ती पाळली. जेसीला सुई टोचणारे डॉक्टर वेगळे होते. आणि संमतिपत्रात ते वाक्य घालण्यात आले.

नियमाच्या भाषेत, टक्कर जाहीर झाली होती आणि हाताळलीही गेली होती.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पैशाच्या मोहाने जेसीचा जीव घेतला, असे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. पैशाचा आपल्या निर्णयांवर परिणाम झाला नाही, असे विल्सन सतत सांगत आले. कुटुंबाशी विद्यापीठाची तडजोड २००० साली झाली. सरकारच्या न्याय विभागाशी २००५ साली झालेल्या समझोत्यात विद्यापीठाने ५ लाख १७ हजार डॉलर भरले, वॉशिंग्टनच्या सहभागी बालरुग्णालयाने जवळजवळ तेवढेच. दोघांनीही चूक कबूल केली नाही. विल्सन यांच्यावर काही वर्षे माणसांवरील प्रयोगांबाबत निर्बंध आले.

पण अमोनिया जास्त असताना 'आजचा दिवस थांबू या' असे म्हणणाऱ्याच्या मनात काय काय असते? आधीच्या रुग्णाच्या यकृताचा आकडा पाहून 'आधी कळवू, मग पुढे जाऊ' असे म्हणणे कशामुळे अवघड होते? कीर्ती, घाई, मेहनत वाया जाण्याची भीती, आजारी बाळांबद्दलची खरीखुरी कळकळ, हे सारे त्यात असते. पैसाही असतो. यातले नेमके कोणी हात धरला, हे खुद्द त्या माणसालाही सांगता येत नाही. म्हणून तर मापाड्याला भागीदारी नको. जेसीच्या बापाची, पॉल गेल्सिंगर यांची तक्रार नेमकी हीच होती. आरंभी त्यांनी डॉक्टरांना दोष दिला नव्हता. माकडांची हकीकत, आधीच्या रुग्णांचे त्रास आणि कंपनीचे व्यवहार एकेक करून कळत गेले तेव्हा ते फिरले, आणि २००० च्या फेब्रुवारीत सिनेटच्या उपसमितीपुढे जाऊन त्यांनी आपले म्हणणे मांडले. त्याच वर्षी जेनोव्हो दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली. वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार विल्सन यांच्या वाट्याला १ कोटी ३५ लाख डॉलरचे समभाग आले आणि विद्यापीठाच्या वाट्याला १४ लाखांचे.

एवढे होऊनही १९९५ चे नियम दहा-अकरा वर्षे जागचे हलले नाहीत. ते हलवले आयोवा राज्यातल्या एका शेतकऱ्याने. चार्ल्स ग्रासली हे सिनेटर, पण घरची शेती. त्यांच्या कचेरीने केलेली युक्ती इतकी साधी होती की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच नवल वाटते. त्यांनी विद्यापीठांकडून प्राध्यापकांनी भरून दिलेले उत्पन्नाचे तक्ते मागवले, औषध कंपन्यांकडून त्याच प्राध्यापकांना दिलेल्या रकमांच्या याद्या मागवल्या, आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

२००८ साली त्यातून जे निघाले त्यातला एकच नमुना सांगतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले मनोविकारशास्त्राचे विभागप्रमुख चार्ल्स नेमेरॉफ यांना २००० ते २००७ या काळात औषध कंपन्यांकडून २८ लाख डॉलर मिळाले होते. त्यांपैकी निदान १२ लाखांची माहिती विद्यापीठाला मिळाली नव्हती. एनआयएचच्या अनुदानावर ते ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या औषधांचा अभ्यास करणारा प्रकल्प चालवत होते. विद्यापीठाने हटकल्यावर जुलै २००४ मध्ये त्यांनी लेखी दिले की या कंपनीकडून वर्षाला दहा हजार डॉलरपेक्षा कमीच घेईन. त्या वर्षी कंपनीकडून त्यांना मिळाले १ लाख ७० हजार. आणि ज्या तारखेचे ते पत्र होते, त्याच दिवशी ते वायोमिंगमधल्या एका आलिशान हॉटेलात कंपनीच्या कामावर तीन हजार डॉलर कमावत होते. आपण नियम पाळले अशी आपली समजूत होती, असे त्यांचे म्हणणे. त्यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले. पण मला इथे त्यांच्यापेक्षा विद्यापीठ अधिक विचार करायला लावते. एमरीकडे नियम होते, समिती होती, पत्रव्यवहारही होता. नव्हता तो कंपनीकडे एक फोन करून खात्री करून घेण्याचा विचार.

आणि एमरी काही एकटी नव्हती. आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी २००९ साली ४१ अनुदानित संस्थांचा अहवाल काढला. कोणते उत्पन्न संशोधनाशी संबंधित आहे हे ठरवणे त्यांपैकी शेकडा ९० संस्थांनी संपूर्णपणे संशोधकावरच सोपवले होते. म्हणजे टक्कर आहे की नाही, ते ज्याची टक्कर त्यानेच सांगायचे.

अखेर ऑगस्ट २०११ मध्ये नवे नियम जाहीर झाले आणि पुढच्या ऑगस्टपासून विद्यापीठांना बंधनकारक झाले. मर्यादा दहा हजारांवरून पाच हजार डॉलरवर आली. संबंध आहे की नाही हे आता संशोधक नव्हे, संस्था ठरवू लागली. टक्कर कशी हाताळली तेही एनआयएचला कळवणे आले. ही माहिती प्रत्येक विद्यापीठाने संकेतस्थळावर मांडलीच पाहिजे, असे मसुद्यात होते. अंतिम नियमात ते मवाळ झाले, कोणी विचारले तर पाच दिवसांत कळवले तरी चालेल असे ठरले. शिवाय २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यात ग्रासली यांच्या आग्रहाने आलेल्या तरतुदीनुसार कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे २०१४ पासून नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले. कागद शेजारी ठेवण्याचे काम आता कोणीही घरबसल्या करू शकतो.

हे बरे झाले. तरी एक जागा रिकामीच राहिली. २०११ चे नियम संशोधकाच्या खिशाबद्दल बोलतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या खिशाबद्दल त्यांत काही नाही. फिलाडेल्फियात विल्सन यांच्यावर देखरेख करणारी संस्था त्यांच्याच कंपनीत हिस्सेदार होती, तिच्या पैशावर त्यांची प्रयोगशाळा चालत होती. आणि ती गोष्ट आजही नियमाच्या कक्षेबाहेर आहे. देखरेख भागीदारावर सोपवायची आणि मग टाचणीएवढ्या रकमांचे हिशेब मागायचे, हे मला थोडे विचित्र वाटते.

आपल्याकडेही बाय-डोल कायद्याच्या धर्तीवर सरकारी निधीतून लागलेल्या शोधांच्या मालकीचे एक विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले होते. स्वामित्वधनातले निदान ३० टक्के संशोधकाला द्यावेत, असे त्यात होते. २०१४ साली ते मागे घेण्यात आले. पुन्हा कधी ते आले, तर त्या ३० टक्क्यांच्या कलमाशेजारी मापाड्याचे कलमही असावे, एवढे मला सुचवावेसे वाटते.

त्याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जीन बेनेट नावाच्या एक प्राध्यापिका अंधत्वावरच्या जनुकोपचारावर काम करत होत्या. सदोष जनुकामुळे लहानपणीच दृष्टी जाणाऱ्या मुलांसाठी. उपचाराच्या पेटंटवर त्यांचे नाव होते. प्रयोग माणसांपर्यंत पोहोचण्याच्या आधी, २००२ साली, त्यांनी त्या पेटंटपासून होऊ शकणाऱ्या सर्व उत्पन्नावरचा हक्क सोडून दिला. कोणत्याही नियमाने तसे सांगितले नव्हते. २००८ साली पहिल्या रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्या उपचाराला मान्यता मिळाली. कंपनीने किंमत ठेवली दोन डोळ्यांना साडेआठ लाख डॉलर. ही स्पार्क नावाची कंपनी २०१३ साली पाच कोटी डॉलर घालून उभी केली होती फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाने, आणि माणसांवरच्या प्रयोगांची जबाबदारीही त्याच रुग्णालयाकडे होती. २०१९ साली रोश कंपनीने स्पार्क सव्वाचार अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून विकत घेतली. बेनेट यांच्याकडे तिचा एकही समभाग नव्हता. रुग्णालयाकडे होते.